रेसमोचा राग आणि नोकरीचा अर्ज

यशवंतपूर, बेंगळूरु
18 जानेवारी 2026

चि. सौमित्र,

तुझं लांबलचक पत्र पोचलं. आधी तिळगूळ घे. इथे संक्रांतीला एळ्ळु-बेल्ल वाटतात, त्यात खोबऱ्याचे काप आणि शेंगदाणेही असतात, पण गोड बोलायची अट तीच. तू ती पाळलेली नाहीस. “ज्या कंपनीनं रेसमो मारली तिच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही,” असं तू मला लिहिलंस. त्याच कंपनीच्या कॅम्पस मुलाखतीचा अर्ज अजून कोरा पडलाय, हे मात्र तू लिहिलं नाहीस. ते तुझ्या बाबानं फोनवर सांगितलं. म्हणून हे उत्तर लगेच.

रेसमो मला माहीत आहे. मार्च 2017 मध्ये टाटा मोटर्सनं ती स्पोर्ट्‌सकार जिनिव्हाच्या प्रदर्शनात दाखवली तेव्हा तू जेमतेम बारा वर्षांचा होतास. तुझ्या पलंगाच्या वर चिकटवलेलं तिचं चित्र मी कोथरूडला आले की बघायचे. दोन माणसांची, इंजिन मध्यावर असलेली, वजनाला 800 किलोच्या आसपास. 1.2 लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 190 पीएस ताकद, सहा सेकंदांच्या आत ताशी शंभर. तुरिनच्या स्टुडिओत रेखाटलेली, प्रताप बोस कंपनीच्या डिझाइनचे प्रमुख असतानाची. हे सगळं तुझ्या पत्रात आहे. एक गोष्ट नाही. ती गाडी 3835 मिलिमीटर लांब होती आणि इंजिन 1200 सीसीच्या आतलं होतं. आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर कर कमी पडतो. हा योगायोग नसावा. ती गाडी आखणाऱ्यांच्या टेबलावर कराचं कोष्टकही होतं असं मी समजते, आणि त्याबद्दल मला त्यांचं तुझ्यापेक्षा जास्त कौतुक आहे.

एवढं करूनही गाडी आली नाही. वर्ष सरता सरता प्रकल्प बाजूला ठेवल्याच्या बातम्या आल्या आणि तुझ्यासारख्या गाडीवेड्यांनी आकाशपाताळ एक केलं. कुणी म्हणालं, हिशेबनिसांनी मारली. कुणी म्हणालं, या देशात स्पोर्ट्‌सकार कधी होणारच नाही. आणि सगळ्यात जास्त लोक म्हणाले, मी घेतली असती. तू तिन्ही म्हणतोस. पहिलं मला लागतं, कारण इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टूलरूममध्ये कॉस्टिंगच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. म्हणजे गाड्या मारणाऱ्यांच्या जातीचीच मी! पण ते राहू दे. माझा खरा आक्षेप तिसऱ्या वाक्याला आहे.

“मी घेतली असती” म्हणायला दमडी लागत नाही. सध्या बापाच्या स्कूटरवर फिरणारा तू, आणि चाळिशीतला, दोन मुलं आणि घराचे हप्ते असलेला तुझा मावसभाऊ, दोघांनीही ते म्हटलं. त्याच्या दारात आज नेक्सॉन उभी आहे. त्यानं प्रतारणा केली असं मी म्हणत नाही. त्याला मागची सीट हवी होती. प्रदर्शनातली गाडी रुखवतासारखी असते: सगळे थांबतात, वाखाणतात, फोटो काढतात आणि जेवायला पुढे जातात. कंपनीच्या लोकांना हे चांगलं ठाऊक होतं, आणि त्यांना ते महागात पडून ठाऊक झालं होतं. जानेवारी 2008 मध्ये नॅनोचं जगभर जेवढं कौतुक झालं तेवढं भारतातल्या दुसऱ्या कुठल्या गाडीचं झालेलं मला आठवत नाही. खपानं त्या कौतुकाला साथ दिली नाही आणि 2018 मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

आता माझ्या धंद्यातलं सांगते, कारण कॉलेजात हे नीट शिकवत नाहीत. बॉनेटचा बाहेरचा पत्रा घे. तो एका ठोक्यात तयार होत नाही. ड्रॉ, ट्रिम, पिअर्स, फ्लँज, प्रत्येक टप्प्याला वेगळी डाय. मग ट्रायआउट, मग सुरकुती कुठे पडते ते बघून पुन्हा घासणं, मग तपासायला फिक्स्चर. पत्रा स्वस्त असतो. महाग असतं ते त्याला वळण लावणारं पोलाद आणि त्यावर घालवलेले तास. ती डाय 250 नग काढून गंजत पडली काय आणि अडीच लाख काढून झिजली काय, पैसे आधीच गेलेले असतात. आकडे मनाचे घेऊ. समज, एका गाडीच्या तयारीला 100 कोटी लागले. 250 गाड्या विकल्यास तर प्रत्येकीच्या अंगावर 40 लाख बसतात, आणि त्यात अजून चाकसुद्धा घेतलेलं नाही. तेच दीड लाख गाड्यांवर वाटलेस तर प्रत्येकीवर सात हजारही बसत नाहीत. हे लिहायला पाच ओळी लागल्या. मीटिंगमध्ये हे सांगणाऱ्याकडे सगळे कसे बघतात ते मला विचार.

तू इथे अडवशील, ते मी गृहीत धरलंय. रेसमोचा सांगाडा मोफ्लेक्सचा होता, निरनिराळ्या पदार्थांचे थर जोडून केलेला, आणि कमी संख्येच्या गाड्यांना अवजड डायांचा खर्च पडू नये हाच त्यामागचा विचार होता. मान्य. तो विचार मला फार आवडला होता. पण त्यानं एक खर्च कमी होतो, बाकीचे तसेच राहतात. एअरबॅग किती मिलिसेकंदांत उघडायची हे ठरवायला खऱ्या गाड्या आपटाव्या लागतात. ऑक्टोबर 2017 पासून आपल्याकडे नव्या मॉडेलना समोरून आणि बाजूनं धडकेच्या चाचण्या बंधनकारक झाल्या. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. म्हणजे 2018 मध्ये गाडी रस्त्यावर आणली असती तरी दोन वर्षांत तेच इंजिन पुन्हा बसवून, पुन्हा तपासून, पुन्हा मंजूर करून घ्यावं लागलं असतं. शेदोनशे गाड्यांसाठी! शिवाय एकदा गाडी विकली की वर्षानुवर्षं तिचा दिवा, काच, बंपर गोदामात ठेवावे लागतात आणि नागपूर-कोल्हापूरच्या मेकॅनिकला ती शिकवावी लागते. तू ज्या टेकडीवर सकाळी पळायला जातोस तिला एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेचं नाव आहे. त्या संस्थेत कुठल्या चाचण्या होतात ते एकदा काढून वाच. पळताना टेकडी वेगळी दिसायला लागेल.

माणसांचंही तसंच. कॅलिब्रेशन करणारा चांगला इंजिनिअर एका वेळी एकाच गाडीवर बसतो. 2017 च्या सप्टेंबरात नेक्सॉन आली. 2018 च्या ऑटो एक्स्पोत दोन आराखडे दाखवले गेले, त्यांच्यातून 2019 मध्ये हॅरियर आणि 2020 मध्ये अल्ट्रोझ निघाली. मधल्या काळात, डिसेंबर 2018 मध्ये, ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉन ठरली. रेसमोचे पैसे तिकडे गेले असं मी म्हणत नाही. कंपनीची वही मी पाहिलेली नाही. पण धडपडणाऱ्या कंपनीनं त्या वर्षी कुठे लक्ष घालायला हवं होतं असं मला विचारलं असतंस तर मी हेच सांगितलं असतं.

तुझ्या दुःखाला शेजारी कमी नाहीत. माझ्या या शहरात रेव्हा बनायची. 2009 मध्ये फ्रँकफर्टला त्यांनी एनएक्सजी नावाची दोन आसनांची देखणी विजेची गाडी दाखवली होती. पुढच्या वर्षी महिंद्रांनी कंपनी घेतली. एनएक्सजीच्या बरोबर दाखवलेल्या साध्या भावंडाची पुढे ई2ओ झाली, एनएक्सजी तिथेच राहिली. 2014 च्या एक्स्पोत त्याच घरातून हॅलो आली, ताशी 160 जाणारी, विजेवरची स्पोर्ट्‌सकार. तीही प्रदर्शनापुरतीच. आणि रद्द न झालेल्या गाडीचं काय होतं तेही बघून घे. रेल्वेची छोटी इंजिनं बनवणारा इथला सान समूह 1998 च्या सुमारास स्पोर्ट्‌सकारमध्ये उतरला आणि गोव्यात सान स्टॉर्म बनवली. फायबरची बॉडी, उघडं छत, रेनॉचं 60 अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन. ती खरोखर विकायला ठेवली होती. तुझ्या ओळखीत कुणाकडे आहे का? “मी घेतली असती” म्हणणारे तेव्हाही असणारच.

टाटांच्याच घरातली दुसरी गोष्ट तुला ठाऊक असायला हवी, कारण ती तुझ्या तक्रारीतला निम्मा दम काढून घेते. जग्वारची सी-एक्स75. पॅरिसला 2010 मध्ये दाखवली, 2011 मध्ये विल्यम्सच्या फॉर्म्युला वनवाल्यांना सोबत घेऊन 250 गाड्या बनवायचं जाहीर केलं, आणि डिसेंबर 2012 मध्ये जगातली मंदी पुढे करून थांबवलं. तिथे गिऱ्हाईक कोट्यधीश होतं, नाव जग्वारचं होतं, रस्ते युरोपचे होते. तरी थांबवलं. भारत म्हणून स्पोर्ट्‌सकार होत नाही हे तुझं दुसरं वाक्य त्यामुळे मी खोडते. ती पुढे बाँडपटात खलनायकाला मिळाली. 2024 मध्ये तिचे मूळ डिझाइनर इयान कॅलम यांच्या कंपनीनं त्यातली एक गाडी रस्त्यावर चालवायच्या लायकीची करून दिली. एक.

आता तुझ्या बाजूचं बोलते, नाहीतर म्हणशील आत्या कंपनीची वकील झाली. चाहत्यांचा एक राग अगदी रास्त होता. ही गाडी नुसती बघायची नाही, ती मर्यादित संख्येत बनेल आणि रस्त्यावर येईल, असं तेव्हा बोललं गेलं. टाळ्या घेतल्या. टामो नावाचा वेगळा ब्रँडही काढला. शब्द दिल्यावर लोक त्याला धरून बसतात, आणि बसावंच. प्रकल्प थांबवणं हा हिशेबाचा निर्णय झाला, पण हिशेब पुरता व्हायच्या आत शब्द देणं हा निष्काळजीपणा होता. तू उद्या कुठल्याही कंपनीत गेलास आणि तुझं चित्र प्रदर्शनात लागलं, तर बरोबरच्या पत्रकातलं भविष्यकाळाचं प्रत्येक क्रियापद कुणाच्या मंजुरीवर उभं आहे ते विचार. तेवढा हट्ट धर. बाकी हट्ट सोडून दे.

कारण चित्र काढणारे तुझ्यासारखे रुसून बसले नाहीत. प्रताप बोस 2021 मध्ये टाटा सोडून महिंद्रांकडे गेले. तिथे त्यांच्या हाताखाली जे आराखडे निघाले त्यातून नोव्हेंबर 2024 मध्ये बीई 6 आली. तिची धारदार रेष बघून तू मला रात्री अकरा वाजता फोटो पाठवला होतास, आठवतं? पाच दारांची आहे, आणि रस्त्यावर आहे. सिएराचंही बघ. 1991 ची मूळ सिएरा तीन दारांची होती. 2020 मध्ये नव्या रूपात दाखवली तेव्हा जुन्या भक्तांनी जीव टाकला. पाच वर्षांनी, गेल्या नोव्हेंबरात आली ती पाच दारं घेऊन. भक्तांनी नाक मुरडलं, पण मूळ सिएराच्या मागच्या काचेची ओळख शिल्लक राहिली. दोन जादा दारांच्या मोबदल्यात ती राहिली असेल तर सौदा वाईट झाला नाही असं माझं मत आहे. तू भांडशील, भांड. पण भांडायचं तर त्या दारांचा खर्च मांडून भांड.

तेव्हा आता हे कर. तुम्ही कॉलेजात स्पर्धेसाठी बनवलेल्या गाडीचा खरा खर्च काढ. पावत्यांचा नाही, तो सगळे काढतात. वेल्डिंगवर रात्री जागलेल्या मुलांचे तास धर, फुकट मिळालेल्या इंजिनाची बाजारातली किंमत धर, मोडलेल्या दोन सस्पेन्शन आर्म धर. मग अशा पन्नास गाड्या बनवायच्या असतील तर कुठला भाग वेगळा करावा लागेल ते लिही. कागद माझ्याकडे पाठव, मी लाल पेननं तपासून देईन. दुसरं, चाकणला तुझ्या मित्राच्या काकांचं प्रेसशॉप आहे ना, तिथे आठवडाभर उभा राहा. वहीत काहीही लिहू नकोस. नुसतं बघ, कामगार कुठे थांबतात, कुठे शिव्या घालतात. रेखाटणारा आणि ठोकणारा यांची गाठ तिथे पडते.

आणि त्या कंपनीवर बहिष्कार टाकून तू कुणाला शिक्षा देणार आहेस? 2017 मध्ये तो निर्णय घेणाऱ्या खोलीत बसलेल्यांपैकी कितीजण आता तिथे असतील? तुझा राग रेसमोच्या बाजूचा असेल तर तो आतल्या खोलीत न्यायला हवा, बाहेरून दारावर दगड मारून उपयोग नाही. छोट्या संख्येची गाडी कमी खर्चात कशी करायची हा प्रश्न रेसमोबरोबर सुटला नाही, नुसता बंद पडला. विजेच्या गाड्यांमुळे त्यातली काही गणितं बदलली आहेत, काही नाहीत. कुठली बदलली हे तुझ्या पिढीनं शोधायचं आहे, माझ्या नाही.

बाबावर चिडू नकोस, मीच त्याला खोदून विचारलं. आईला सांग, इथल्या बाजारात अवरेकाळूचा हंगाम जोरात आहे, सोलून फ्रीजरमध्ये ठेवलेत, येणाऱ्याबरोबर पाठवते.

अर्ज आज रात्रीच भर. मुलाखतीत आवडती गाडी कोणती विचारलं तर बेधडक रेसमो सांग, आणि लगेच पुढे ती परवडायला काय काय बदलावं लागलं असतं ते सांगायची तयारी ठेवून जा.

तुझी,
आत्या