समुपदेशन : व्यवसाय आणि त्याचे शिक्षण

इंग्रजीतील 'काउन्सेलिंग' या संज्ञेसाठी मराठीत 'समुपदेशन' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द भारदस्त आहे. परंतु त्याच्या पोटात 'उपदेश' दडून बसला आहे आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. येणाऱ्या व्यक्तीला आपली पाठ्यपुस्तके 'सल्लार्थी' म्हणतात, म्हणजे तिथेही सल्ला आलाच! उपदेश करण्यासाठी शिक्षण घ्यावे लागते, असे आपल्या समाजाला कधी वाटलेले नाही. पारावर, एस.टी.च्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवात तो विनामूल्य मिळतो. मग त्यासाठी बी.ए.नंतर आणखी दोन-तीन वर्षे का खर्च करावीत? हा प्रश्न मला प्रथम घरीच विचारला गेला. वडिलांची समजूत अशी, की 'कौन्सिलर' व्हायचे म्हणजे नगरपालिकेची निवडणूक लढवायची. ती दूर झाल्यावर आई म्हणाली, "नुसतं ऐकून घ्यायचं, त्याला कॉलेज कशाला?" प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर देण्यासाठी या व्यवसायाच्या शिक्षणात नेमके काय शिकवतात, ते पाहावे लागते.

समजा, एखादा विद्यार्थी म्हणाला, "मला कॉलेज सोडायचंय." शेजारी म्हणेल, "वेडा आहेस काय? दोन वर्षं फुकट जातील." मामा म्हणेल, "सोड आणि दुकानात ये माझ्याबरोबर." दोघांचाही हेतू चांगलाच; परंतु दोघांनीही मुलाचे वाक्य कानावर पडताच त्याचा निकाल लावून टाकला. शिकलेला समुपदेशक म्हणेल, "सोडावंसं वाटायला लागलंय. कधीपासून?" आणि थांबेल. मग कदाचित कळेल, की प्रश्न कॉलेजचा नाहीच. घरी कर्जाचा हप्ता थकला आहे, किंवा वसतिगृहात कोणी छळत आहे, किंवा इंग्रजीच्या तासाला उभे केले की हातापायांना घाम सुटतो आहे. या प्रत्येकाचा मार्ग निराळा. घाईने दिलेला सल्ला यांतील एकाही मार्गावर नेत नाही.

हे 'थांबणे' शिकवता येते का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांनी यासाठी जे केले, ते मला या विषयाच्या इतिहासातील सर्वांत धाडसी काम वाटते. तोपर्यंत बंद खोलीत काय बोलणे झाले, हे समुपदेशक मागाहून आठवून सांगत असे, आणि आठवणीत प्रत्येकजण शहाणाच असतो. रॉजर्स यांनी ओहायो स्टेट विद्यापीठात मुलाखतींचे ध्वनिमुद्रण सुरू केले. त्या काळच्या तबकडीची एक बाजू काही मिनिटांतच संपे, तरीही त्यांनी तो खटाटोप केला. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात एका व्यक्तीबरोबरच्या आठही बैठका शब्दशः छापल्या आहेत. शिकाऊ समुपदेशकांना स्वतःच्याच आवाजातून कळू लागले, की आपण फार बोलतो, मध्येच तोडतो आणि समोरच्याला नकळत आपल्याला हव्या त्या दिशेला ढकलतो. पुढे १९५७ साली रॉजर्स यांनी समुपदेशकाकडून ज्या वृत्तींची अपेक्षा मांडली, त्या आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळतात : सच्चेपणा, विनाअट स्वीकार आणि समानुभूती. परीक्षेत आपण या पाच गुणांसाठी लिहितो. त्या अंगी बाणल्या की नाहीत, हे मात्र मुद्रण ऐकल्याशिवाय समजत नाही.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त, विकासाचे मानसशास्त्र, मानसिक विकृती, मापन व चाचण्या, संशोधनपद्धती हे विषय असतात. त्यांचा तपशील कोणत्याही माहितीपुस्तिकेत मिळेल. खरे वेगळेपण कौशल्यांच्या सरावात आहे. ॲलन आयव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली 'सूक्ष्म समुपदेशन' ही पद्धत मांडली. पोहायला शिकताना आधी श्वास, मग हात, मग पाय अशी फोड करतात, तशी यात बोलण्याची फोड केली जाते. एक दिवस केवळ लक्ष देणे, दुसऱ्या दिवशी खुला प्रश्न विचारणे, नंतर समोरच्याच्या भावनेला शब्द देणे. वर्गमित्र आळीपाळीने सल्लार्थी होतात आणि मागाहून चित्रफीत पाहिली जाते. लक्ष देण्याच्या कौशल्यात नजरेला नजर देण्याचा समावेश होतो. मात्र त्याचा अर्थ संस्कृतीप्रमाणे बदलतो, हे आयव्ही यांनीच पुढे आवर्जून सांगितले. ते आपल्याला वेगळे पटवून द्यायला नको. वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालून बोलणारी सून काही लपवत असतेच असे नाही.

यानंतर येतो तो खरा भाग, म्हणजे देखरेखीखालील काम. शिकाऊ समुपदेशक खऱ्या व्यक्तीबरोबर बसतो, बैठकीचा वृत्तान्त लिहितो आणि अनुभवी पर्यवेक्षक तो वाक्यावाक्याला अडवून तपासतो. 'इथे तुम्ही विषय का बदललात? तिचे रडणे तुम्हाला सहन झाले नाही म्हणून?' अशा प्रश्नांना उत्तर देताना स्वतःच्या घरातील, जातीतील, स्त्री-पुरुषांविषयीचे ग्रह उघडे पडतात. म्हणूनच काही ठिकाणी विद्यार्थ्याने स्वतःही समुपदेशन घ्यावे, अशी अपेक्षा असते. शिवाय गुप्तता कुठवर पाळायची, हेही इथेच शिकायचे. कोणाच्या जिवाला धोका असेल, तर गप्प राहता येत नाही. अल्पवयीन मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या आवाक्याबाहेरचा आजार दिसला, तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणे हाही कौशल्याचाच भाग होय. नुसते ऐकणाऱ्या शेजाऱ्यावर यांपैकी कोणतीच जबाबदारी नसते.

असे काम किती तास करावे? अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने १९७६ साली समुपदेशकांच्या परवान्याचा पहिला कायदा केला. तेथील अभ्यासक्रमांना मान्यता देणारी स्वतंत्र परिषद १९८१ साली स्थापन झाली. तिच्या निकषांनुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याला आधी १०० तासांचा सराव आणि नंतर ६०० तासांची अंतरवासिता पूर्ण करावी लागते. पैकी अनुक्रमे ४० आणि २४० तास प्रत्यक्ष लोकांबरोबरचे हवेत. आपल्याकडील चित्र विस्कळीत आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला १९९२ च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. समुपदेशकासाठी मात्र दीर्घ काळ असे काहीच नव्हते. २०२१ साली संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि त्याच्या परिशिष्टात इतर मानसशास्त्रज्ञ व विविध प्रकारचे समुपदेशक यांची नावे आली. कायद्यात नाव येणे आणि प्रत्यक्ष घडी बसणे यांत अंतर असते. या अंतरातच शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत 'प्रमाणित समुपदेशक' करून देणाऱ्या जाहिराती पिकतात. त्यांतल्या कोणत्याही जाहिरातीत पर्यवेक्षकाचा उल्लेख माझ्या तरी पाहण्यात आला नाही.

दुसरीकडे गरज वाढते आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना सर्वेक्षणाच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमणे अपेक्षित आहे. तालुक्याच्या गावांतील महाविद्यालयेसुद्धा त्यात आली. इतके पात्र लोक येणार कुठून?

त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित काही विषयांचे दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण बंद करण्याचा निर्णय घेतला. वर सांगितलेले शिक्षण टपालाने होणारे नाही, हे मान्य. परंतु ज्याला दिवसा कामावर जाऊन पदवी मिळवायची आहे, त्याच्यासाठी एक दार बंद झाले आणि दुसरे अद्याप उघडलेले नाही. नियमित एम.ए. म्हणजे बहुधा मोठे शहर, खोलीचे भाडे आणि बऱ्याचदा विनावेतन अंतरवासिता. माझ्या मते आयोगाचा निर्णय योग्य आहे आणि त्याची किंमत चुकीच्या माणसांना मोजावी लागते आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून अस्तित्वात आहे. जिल्हा रुग्णालयातच देखरेखीखालील सरावाची आणि थोड्या विद्यावेतनाची सोय झाली, तर अनेक मुलामुलींना पुणे-मुंबई गाठावी लागणार नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून दाखवून दिले आहे, की स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसेही शिकून इतरांना उत्तम आधार देऊ शकतात. त्यांच्याजवळ पुस्तकाबाहेरचे ज्ञान असते. पहिल्या पिढीच्या पदवीधरांजवळही ते असते, असे मला वाटते.

ते ज्ञान मुख्यतः भाषेचे आहे. आपली पुस्तके बहुतांशी इंग्रजीत आहेत, पण दुःख इंग्रजीत होत नाही. 'मला नैराश्य आले आहे' असे आमच्या वस्तीत कोणी म्हणत नाही. 'जीव लागत नाही', 'छातीत कालवाकालव होते', 'डोक्यात किडे वळवळतात', 'कुणीतरी करणी केली' असे म्हणतात. यांतील कोणते चिंतेचे लक्षण, कोणते नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार आणि कोणत्या वाक्यामागे आत्महत्येचा विचार आहे, हे ओळखायला ती बोली कानांत मुरलेली असावी लागते. कान आमच्याजवळ आहेत. शिक्षण तेवढे हवे. म्हणून पुढील वर्षी ज्यांना या वाटेने जायचे आहे, त्यांनी प्रवेश घेण्यापूर्वी शुल्काच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात : प्रत्यक्ष माणसांबरोबर किती तास बसायला मिळेल, ते काम कोण तपासेल, आणि बैठका मराठीत झाल्या तर तपासणाऱ्याला त्या समजतील का?