नाणेघाटातील राजस्मारक

उंबरमाळी हे कसाऱ्याच्या अलीकडचे एक लहानसे रेल्वेस्थानक. या भागात पूर्वेला सह्याद्रीची उंच भिंत उभी आहे. आज आगगाडी थळघाटातून ती चढून जाते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल देशावर नेण्याचा एक मोठा मार्ग मुरबाडकडून जाई. तोच नाणेघाट.

शहापुराहून मुरबाडास व तेथून वैशाखरे गावी गेलेला प्रवासी रानातील पायवाट धरतो. दगडी पायऱ्या चढता चढता तो दमून जातो. घाटमाथा जवळ आला, की कातळात कोरलेले एक लेणे दिसते. त्यात बुद्धाची मूर्ती नाही, स्तूपही नाही. हे आहे सातवाहन राजांचे स्मारक. मागील भिंतीवर राजकुळातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आता पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. प्रतिमांच्या वर कोरलेली नावे मात्र विद्वानांनी वाचली आहेत. त्यांत सिमुक सातवाहन, राणी नागनिका, तिचा पती सातकर्णी, महारठी त्रणकयिर व काही राजकुमार यांची नावे आहेत.

बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत एक दीर्घ लेख आहे. अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञ आणि त्या वेळी दिलेली दक्षिणा यांची त्यात नोंद आहे. गाई, घोडे, हत्ती, गावे, कार्षापण नाणी असे दान त्यात सांगितले असून एका यज्ञात 10,001 गाई दिल्याचा उल्लेख आहे. भारतातील अंकचिन्हांच्या फार जुन्या नमुन्यांत या लेखातील आकड्यांची गणना होते. 1828 मध्ये कर्नल साइक्स यांनी या लेण्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेखाचे वाचन केले.

सातवाहनांच्या काळी इजिप्तची जहाजेही आपल्या किनाऱ्यास लागत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात कल्याण व पैठण यांचा उल्लेख आहे. त्या इजिप्त देशातही डोंगरात कोरलेली राजस्मारके आहेत. नाईल नदीच्या पश्चिमेस असलेल्या राजांच्या खोऱ्यात साठांहून अधिक थडगी सापडली आहेत. तेथे राजांचे देह मसाले भरून ठेवीत आणि त्यांच्याबरोबर सोने, रत्ने, वस्त्रे पुरीत. ते धन कोणाच्या हाती लागू नये म्हणून द्वारे बुजवीत. तरीही बहुतेक थडगी चोरांनी प्राचीन काळीच लुटली. 1922 मध्ये सापडलेले तुतनखामेनचे थडगे बरेचसे अभंग राहिले, हे मोठे नवल!

नाणेघाटात देह नाही, धनही नाही. इजिप्तच्या राजांनी धन सोबत नेऊ पाहिले. येथे दिलेल्या धनाचा हिशेब वाटसरूंच्या डोळ्यांसमोर लिहिला गेला. चोराला नेण्यासारखे येथे काहीच नव्हते. तथापि अशा स्मारकांना आणखी एक भय असते, ते पाहावयास येणाऱ्यांचे. राजांच्या खोऱ्यात ग्रीक व रोमन प्रवाशांनी भिंतींवर आपली नावे खरडली. असे दोन हजारांहून अधिक लेख तेथे मोजले गेले आहेत. आपल्याकडील किल्ले व लेणीही या खोडीतून सुटलेली नाहीत.

नागनिकेच्या लेखातील पुष्कळ अक्षरे ऊन, वारा व पाऊस यांनी झिजली आहेत. जी उरली आहेत त्यांवरच त्या काळचा आपला इतिहास उभा आहे. एक अक्षर पुसले, तर ते पुन्हा लिहून देणारा आता कोणी नाही. म्हणून जाणता प्रवासी लेणे डोळे भरून पाहतो, नावे वहीत उतरवून घेतो आणि भिंतीला हात न लावता घाट उतरतो.

स्वाध्याय
1. नाणेघाटातील लेणे इतर लेण्यांहून वेगळे कसे?
2. इजिप्तमधील थडगी व नाणेघाटातील स्मारक यांतील फरक सांगा.
3. तुमच्या गावाजवळील एखाद्या जुन्या वास्तूची माहिती लिहा.