एका नावाची अक्षरे : झेहान, झान, झानेत

फ्रेंच शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याची पहिली तक्रार ठरलेली असते. या भाषेत लिहायचे एक आणि वाचायचे भलतेच! शेवटची व्यंजने गिळून टाकायची, 'एच्' लिहायचा पण उच्चारायचा नाही, तीन स्वर मांडून एकाचाच आवाज काढायचा. बोलतो तसे बहुतांशी लिहितो, अशा लिपीत वाढलेल्या आपल्याला हा सारा खटाटोप निष्कारण वाटतो. या तक्रारीला नियमांची यादी हे उत्तर होऊ शकत नाही. त्यापेक्षा एखादा शब्द हाती घ्यावा आणि त्यातले प्रत्येक अक्षर तिथे का बसले आहे हे तपासावे. प्रस्तुत लेखात मी तेच करणार आहे आणि त्यासाठी एक साधे स्त्रीनाम निवडले आहे : झान.

सामान्य शब्द न घेता नावच का घेतले, असे कोणी विचारील. सामान्य शब्दाचे लेखन कोशकार ठरवतो आणि जुने रूप मागे पडते. नाव मात्र माणसाच्या मालकीचे असते. ते आजीकडून नातीकडे जाते, दप्तरात नोंदले जाते, थडग्यावर कोरले जाते. त्यामुळे कोशातून नाहीशी झालेली अक्षरे नावात टिकून राहतात.

हे नाव आज फ्रेंचमध्ये जे-ई-ए-एन्-एन्-ई असे लिहितात. अक्षरे सहा, पण ऐकू येणारे ध्वनी तीनच. पहिला ध्वनी आपल्याकडे नाही. 'ज' आणि 'झ' यांच्या आसपासचा, पण जीभ टाळूला पुरती न टेकवता काढलेला तो घर्षक आहे. मराठी पुस्तकांत त्यासाठी कधी 'ज्य' तर कधी 'झ' योजतात. ज्याँ पॉल सार्त्र हे नाव आपल्या परिचयाचे आहे. त्यातला 'ज्याँ' म्हणजे याच नावाचे पुल्लिंगी रूप. पुरुषाच्या नावात शेवटचा 'न' नाकात विरतो, स्त्रीच्या नावात तो स्पष्ट उच्चारला जातो. या लेखापुरते मी 'झान' असे लिहितो.

नावाचे मूळ

मूळ हिब्रू नाव योहानान. 'परमेश्वराने कृपा केली' हा त्याचा अर्थ. मराठी बायबलातला योहान तो हाच. लूकच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात योहान्ना नावाची एक स्त्री येते, ते त्याचे स्त्रीरूप. ग्रीक लिपीत शब्दाच्या मध्ये 'ह' लिहिण्याची सोय नव्हती, म्हणून तिथे 'इओआन्ना' झाले. लॅटिन लेखकांनी मात्र 'एच्' घालून 'योहान्ना' लिहिले. पुढे हे नाव युरोपभर पसरले आणि प्रत्येक देशाने ते आपल्या जिभेप्रमाणे वळवून घेतले. इटलीत जोव्हान्ना, स्पेनमध्ये हुआना, जर्मनीत योहाना, पोर्तुगालमध्ये जुआना. गोव्यात २४ जूनला विहिरीत उड्या मारून जो सांजांव साजरा होतो, त्यातला 'जांव' हाही पोर्तुगीज वेषातला योहानच. एवढ्या लांबच्या नावाचे नातेवाईक इतक्या जवळ निघावेत, ही मौज आहे.

एकेका अक्षराचा हिशेब

आता आपल्या सहा अक्षरांकडे वळू. मध्ययुगीन फ्रेंचमध्ये हे नाव पुष्कळदा सात अक्षरी असे : जे-ई-एच्-ए-एन्-एन्-ई. त्याला आपण 'झेहान' म्हणू. या सातांतला 'एच्' कोणी उच्चारत नव्हते, कारण लॅटिनमधून आलेला हकार बोलण्यातून केव्हाच गेला होता. मग तो लिहायचा कशाला? एक कारण लॅटिन परंपरेचा मान. दुसरे कारण अधिक व्यवहारी आहे. त्या काळी नाव 'झे-आन' असे दोन भागांत म्हणत. रोमन लिपीत 'ई' आणि 'ए' शेजारी आले की ते वेगळे वाचायचे की एकत्र, हे कळत नाही. मध्ये 'एच्' आला की वाचणारा थांबतो. देवनागरीत ही अडचणच नाही. आपण 'झेआन' लिहून स्वतंत्र 'आ' दाखवून मोकळे होतो. फ्रेंचमध्ये या युक्तीचे अवशेष अजून आहेत. 'त्राईर' म्हणजे विश्वासघात करणे आणि 'आंव्हाईर' म्हणजे आक्रमण करणे, या दोन्ही क्रियापदांच्या लॅटिन मुळांत 'एच्' नाही. दोन स्वर वेगळे ठेवण्यासाठीच तो तिथे बसवलेला आहे.

पुढे दोन स्वर एकमेकांत मिसळले आणि 'झे-आन'चे 'झान' झाले. दोन स्वरच उरले नाहीत, तेव्हा मधल्या पहारेकऱ्याचे कामही संपले. 'एच्' गेला, पण 'ई' राहिला. आज तो मुका आहे. नॉर्मंडीतल्या कां शहराच्या नावातही असाच एक मुका 'ई' आहे, तोही जुन्या दोन अवयवांची खूण म्हणून.

दोन 'एन्' का? एकेकाळी त्यांतल्या पहिल्यामुळे आधीचा स्वर अनुनासिक होई आणि दुसरा स्वतः उच्चारला जाई. म्हणजे नाव 'झाँन' असे काहीसे ऐकू येई. सतराव्या शतकातही हा उच्चार पुरता गेला नव्हता. मोलिएरच्या १६७२ सालच्या 'ले फाम साव्हांत' या नाटकात मोलकरणीला 'व्याकरण' हा शब्द 'आजी' असा ऐकू येतो. आजच्या उच्चारात हा विनोद नीट जमत नाही, तेव्हाच्या अनुनासिक उच्चारात तो बिनचूक बसत होता. शेवटचा 'ई' स्त्रीलिंगाची खूण आहे आणि त्याच्यामुळेच आधीचा 'न' जिवंत राहिला.

राहिला पहिला 'जे'. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा उच्चार आपल्या 'ज'सारखा स्पर्शयुक्त होता. तेराव्या शतकात तो सैल होऊन आजचा घर्षक झाला. पण त्याआधीच, १०६६ नंतर, नॉर्मन लोकांबरोबर फ्रेंच भाषा इंग्लंडात गेली होती. म्हणून इंग्रजीतल्या जोन, जेन, जीन, जॅनेट या नावांत अजून जुना फ्रेंच 'ज' ऐकू येतो. घरी बदललेला उच्चार परमुलखात टिकला! 'जे' हे अक्षर मात्र त्या काळी 'आय'हून वेगळे मानलेच जात नव्हते. फ्रेंच अकादमीने आपल्या कोशात या दोन अक्षरांना वेगळे स्थान दिले ते १७६२ च्या आवृत्तीत.

जिला अक्षरे येत नव्हती

एवढा वेळ आपण अक्षरांविषयी बोललो. आता अशा एका झानकडे वळू जिला ती अक्षरे वाचता येत नव्हती.

आपण तिला इंग्रजीमार्गे 'जोन ऑफ आर्क' म्हणून ओळखतो. तिचा जन्म सुमारे १४१२ साली दोंरेमी या खेड्यात झाला. १४२९ मध्ये तिने ओर्लेआंचा वेढा उठवला आणि ३० मे १४३१ रोजी रुआं येथे तिला जाळण्यात आले. २१ फेब्रुवारी १४३१ रोजी न्यायाधीशांपुढे पहिल्या जाहीर चौकशीत तिला नाव विचारले गेले. तिने सांगितले की, गावाकडे मला झानेत म्हणत आणि फ्रान्समध्ये आल्यापासून झान म्हणतात. झानेत हे लाडाचे रूप. आपल्याकडे जनाबाई स्वतःला 'जनी' म्हणते, तसलेच. आडनाव विचारल्यावर तिने आधी माहीत नसल्याचे सांगितले. पुढे मार्चमध्ये मात्र तिने आर्क आणि रोमे अशी दोन आडनावे सांगितली आणि आमच्या मुलखात मुली आईचे आडनाव लावतात, असा खुलासा केला. रोमे हे तिच्या आईचे उपनाव होते. तिच्या घराण्याला डिसेंबर १४२९ मध्ये सरदारकी मिळाली, त्या सनदेत वडिलांचे आडनाव 'दे' अशा उच्चाराचे लिहिलेले आढळते. 'द'नंतरचे आजचे लोपचिन्ह तर पंधराव्या शतकातल्या लेखनात नव्हतेच. जिला सारे जग 'दार्क' म्हणते, ती स्वतःला 'झेहान ला प्युसेल', म्हणजे कुमारी झेहान, म्हणवीत असे.

कारकुनांनी चौकशीची टिपणे फ्रेंचमध्ये घेतली आणि नंतर त्यांचे लॅटिन भाषांतर झाले. त्या अधिकृत दप्तरात ती 'योहान्ना' आहे. घरी झानेत, सैन्यात झान, दप्तरात योहान्ना. मग तिने स्वतः आपले नाव कसे लिहिले?

तिची पत्रे लेखनिक लिहीत. पण उपलब्ध पत्रांपैकी तीनांवर तिची सही आहे. ९ नोव्हेंबर १४२९ चे रिओं शहराला लिहिलेले पत्र आणि १६ व २८ मार्च १४३० ची रँस शहराला लिहिलेली दोन पत्रे. सहीत 'एच्'सकट सात अक्षरे आहेत : झेहान. तिचा हात कोणी धरला होता की अक्षरे तिने स्वतः गिरवली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण जी मुलगी सूत कातायला आणि शिवायला आईकडून शिकली, तिच्या नावाखाली ही सात अक्षरे उभी आहेत एवढे खरे.

याच्या उलट बाजूला एक फुली आहे. २४ मे १४३१ रोजी तिच्याकडून एका कबुलीपत्रावर निशाणी घेण्यात आली. चौकशीच्या काळात न्यायालयाचा बजावणीदार असलेला झाँ मास्यू याने पुढे साक्ष दिली की, तिने फुली काढली. ही फुली साधी नाही. आपल्या काही पत्रांवर आपण फुली घालत असू आणि पत्रातल्या मजकुराप्रमाणे वागू नये ही आपल्या पक्षाच्या माणसाला खूण असे, असे तिनेच याआधी न्यायालयात सांगितले होते. शिवाय साक्षीदारांच्या मते तिला वाचून दाखवलेला कागद थोड्या ओळींचा होता, दप्तरातला कबुलीजबाब मात्र लांबलचक आहे. चार दिवसांनी तिने ती कबुली नाकारली आणि त्यावरून तिला देहान्त शिक्षा झाली. पंचवीस वर्षांनी, ७ जुलै १४५६ रोजी, तो सारा निवाडा रद्द ठरवण्यात आला.

आपल्या खेड्यांत सावकाराच्या कागदावर 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' लिहिलेली माणसे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत होती. कागदावर वर काय लिहिले आहे हे अंगठ्याला ठाऊक नसते. म्हणून त्या तीन पत्रांवरची सात अक्षरे मला मोलाची वाटतात. फुली कोणाचीही असू शकते, झेहान ही एकाच बाईची होती.

दप्तर आणि कायदा

इतर असंख्य झानांची नावे दुसऱ्यांनीच लिहिली. १५३९ च्या व्हिलेर-कोत्रे येथील राजाज्ञेने बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या ठेवणे सक्तीचे केले. पाद्री ऐकेल तसे लिही. कोठे 'एच्' ठेवी, कोठे एक 'एन्' गाळी. १७९२ मध्ये क्रांतीच्या शासनाने नोंदणी चर्चकडून काढून नगरपालिकेकडे दिली आणि १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीतले नावच वापरण्याचे बंधन घातले. त्या दिवसापासून लिहिणाऱ्याची लहर ही कुटुंबाची कायमची मिळकत झाली. १८०३ च्या कायद्याने तर पंचांगातल्या संतांची आणि प्राचीन इतिहासातली नावेच ठेवता येतील, असे ठरवले. आईबापांना मोकळीक मिळाली ती ८ जानेवारी १९९३ च्या कायद्याने. आता कोणी मुलीचे नाव हौसेने जुन्या 'एच्'सह नोंदवू शकतो. बाळाच्या हिताला बाधा येत असेल तर अधिकारी हरकत घेतो.

नाव मात्र कायद्याच्या बाहेरही हिंडत राहिले. त्याची झानेत, झानतों, झानीन अशी रूपे झाली. वेताच्या वेष्टनातल्या मोठ्या काचेच्या बरणीला फ्रेंच लोक 'दाम-झान', म्हणजे झानबाई, म्हणू लागले. इंग्रजांनी ते ऐकून 'डेमिजॉन' केले आणि बाईचा अर्धा पुरुष झाला! आणि हेच नाव धारण करणारी झान कालमां १८७५ मध्ये आर्ल येथे जन्मली आणि १९९७ मध्ये वारली. १२२ वर्षे १६४ दिवसांचे तिचे आयुष्य हे माणसाचे नोंदलेले सर्वांत दीर्घ आयुष्य मानले जाते.

या लहानशा अभ्यासातून मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, मुके अक्षर म्हणजे निरुपयोगी अक्षर नव्हे. तिथे पूर्वी कोणीतरी बोलत होते, एवढे ते सांगत असते. दुसरी गोष्ट आपल्याच घरची. आपण ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत लिहू लागलो की मराठी माणूस 'डी'ने सुरुवात करतो, हिंदी भाषक 'जी'ने आणि संस्कृतचा अभ्यासक 'जे'ने. यांतले एकही रूप उगाच आलेले नाही, प्रत्येकामागे एक उच्चार किंवा एक परंपरा उभी आहे. तेव्हा वर्गमित्राचे नाव हजेरीपटावर, प्रमाणपत्रावर किंवा निमंत्रणपत्रिकेवर लिहिताना, ते तो स्वतः कसे लिहितो एवढे आधी त्याला विचारावे. विचारायला क्षणभर लागतो आणि एकदा लिहिलेले अक्षर माणसामागे जन्मभर चालते.