दूध लोण्याचें, ताक पाहुण्याचें

जावळीच्या खोऱ्यांतून महाबळेश्वराच्या डोंगराकडे चढत असतां आम्ही दुपारीं एका गवळी धनगराच्या घरापाशीं थांबलों. कारवीचे कुड, वर गवताचें छप्पर. निम्म्या घरांत माणसें, निम्म्यांत म्हशी. रांजणांतील पाण्यानें आम्हीं हातपाय धुतले आणि दूध मागितलें. आजीबाईंनीं तांब्याभर ताक पुढें केलें. "दूध लोण्याचं, ताक पावन्याचं," त्या हंसून म्हणाल्या.

वाचकहो, हा भेद कां? म्हशीच्या दुधाच्या शंभर भागांत स्निग्धांश सुमारें सातच भाग. बाकी बहुतेक पाणी. एवढा भार डोंगर उतरून बाजारीं नेईपर्यंत दूध नासावयाचें. म्हणून तें तापवून विरजावयाचें, पहाटेस घुसळावयाचें आणि लोणी कढवून तूप करावयाचें. तुपांत पाणी जवळजवळ उरत नसल्यामुळें तें महिनोन्‌महिने टिकतें. कित्येक दिवसांचें दूध असें एका लहानशा भांड्यांतून खालीं जाई, व त्याच्या मोबदल्यांत धान्य आणि मीठ वर येई. राहिलेलें ताक घरच्यांचें आणि वाटसरूंचें.

निघतांना आम्ही पैसे देऊं लागलों. "ताक का विकत्यात, लेकरांनो?" असें म्हणून आजीबाईंनीं हात मागें घेतला. इतक्यांत त्यांची नात डोक्यावर घागर घेऊन दरींतून वर आली. आमच्या पायांवर गेलेलें पाणी कोठून आलें होतें, हें तेव्हां आम्हांस कळलें. आम्हीं मुकाट्यानें दोन रिकाम्या घागरी उचलल्या आणि झऱ्यावर जाऊन भरून आणल्या. उपकार फिटले नाहींत; परंतु त्या ताकाची किंमत खांद्यांना समजली.