खिशातला मल्टीमीटर कसा निवडावा?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतोय. खिशात मावेल असा मल्टीमीटर घ्यायचाय. काय पाहावे?

उत्तर : दुकानातच दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. बीप लगेच, न अडखळता वाजला पाहिजे आणि रोध अर्ध्या ओहमच्या आत स्थिरावला पाहिजे. डायोड टेस्ट हवीच. चांगला सिलिकॉन डायोड सरळ जोडला तर साधारण 0.5 ते 0.7 व्होल्ट दाखवतो. उलटा जोडला तर ‘ओएल’ किंवा नुसता 1. इनपुट रोध 10 मेगाओहम असला, की नाजूक सर्किटवर भार पडत नाही. छोट्या मीटरच्या वायरी बहुधा कायमच्या जोडलेल्या असतात आणि मुळाशीच तुटतात. तिथे रबरी आधार आहे का बघा. बऱ्याच छोट्या मीटरांत करंट मोजायची सोय नसते, तेही विचारून घ्या. घरातल्या 230 व्होल्टच्या लाइनला लावणार असाल, तर ‘कॅट थ्री 600 व्होल्ट’ या सुरक्षा-दर्जाचाच घ्या.