साडेचार एकरांचे वेड

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात मद्यावर लेख पाहून काही भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. तेव्हा प्रारंभीच सांगून टाकतो, की मी स्वतः वाइनचा थेंबही घेतलेला नाही आणि इतर कोणी घ्यावा असेही माझे म्हणणे नाही. माझे कुतूहल वेगळे आहे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. घरी निफाड तालुक्यात द्राक्षबाग. मालाला भाव मिळाला नाही की घरात कशी शांतता पसरते, ते लहानपणापासून पाहत आलो आहे. अशा माणसाने एका बागेच्या द्राक्षांचा रस बाटलीमागे लाखो रुपयांना जातो, आणि तो एकदा तरी चाखावा म्हणून माणसे आयुष्यभर झुरतात, असे वाचले तर त्याला कारण शोधावेसे वाटणारच.

ही बाग फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात आहे. तिचे नाव रोमाने-काँती.

माधव जूलियनांच्या 'द्राक्षकन्ये'मुळे उमर खय्याम आपल्याकडे परिचित आहे. परंतु त्या काव्यातील मद्य कोणत्या मळ्याचे, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. बर्गंडीच्या रसिकाचा पहिला प्रश्न मात्र तोच असतो. दिजाँ शहरापासून दक्षिणेकडे सुमारे पन्नास किलोमीटर पसरलेला डोंगरउताराचा हा पट्टा आहे. तांबड्या वाइनसाठी येथे पिनो न्वार ही जवळजवळ एकच जात लावतात. जात एक, हवामान एक, करण्याची पद्धतही बरीचशी एक. तरी या उतारावरची चुनखडीची जमीन वावरागणिक बदलते आणि तसतशी वाइनही बदलते, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. म्हणून प्रत्येक वावराला स्वतंत्र नाव. अशा १२४७ नावांच्या वावरांचा हा प्रदेश २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदविला.

वावरांचा हा बारकावा प्रथम टिपला तो ख्रिस्ती मठांतील साधूंनी. १०९८ मध्ये स्थापन झालेल्या सितो येथील मठाने दान मिळालेल्या जमिनींवर शतकानुशतके द्राक्षे लावली. कोणत्या तुकड्याचा रस कसा उतरतो ते साधू पाहत गेले आणि त्याप्रमाणे बांध घालत गेले. ते माती जिभेवर ठेवून पाहत, ही अर्थात दंतकथा. पुढे राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या, आणि १८०४ च्या नेपोलियनच्या कायद्याने वारसांना समान वाटे मिळू लागले. या मठाने भिंत घालून राखलेला क्लो द वुजो हा पन्नास हेक्टरांचा मळा आज सुमारे ऐंशी मालकांत विभागलेला आहे.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जरा थांबावे. आपल्याकडे वाटण्यांनी जमिनीच्या चिंध्या होतात म्हणून १९४७ साली मुंबई राज्यात तुकडेबंदीचा कायदा करावा लागला. बर्गंडीत त्याच भाऊबंदकीने दुर्मिळता निर्माण केली आणि दुर्मिळतेने किंमत. वावर तेच, पण ऐंशी हातांची ऐंशी प्रकारची वाइन. त्यांतली चांगली कोणाची हे ओळखण्यात पिणाऱ्याची हयात जाते. आणि पिनो न्वार ही मुळात लहरी जात. पातळ सालीची, थंडीगारपिटीने लवकर खचणारी. जाणकार सांगतात, की बर्गंडीच्या पुष्कळ बाटल्या निराशाच करतात. पण एखादी अशी निघते की गुलाबाच्या पाकळ्या, ओली माती, पावसाळ्यातले रान असे एकामागून एक वास उलगडत जातात आणि घोट उतरल्यावरही कितीतरी वेळ तोंडात रेंगाळतात. त्या एका बाटलीसाठी माणूस पुढच्या शंभर बाटल्या फोडतो. माझ्या मते या व्यसनाचे मर्म बाटलीतल्या नशेपेक्षा या अनिश्चिततेत अधिक आहे.

रोमाने-काँतीची वाटणी मात्र झाली नाही. क्षेत्र सुमारे १.८ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेचार एकरांना थोडे कमीच. १७६० मध्ये काँतीच्या राजपुत्राने हा तुकडा विकत घेतला. 'काँती' हे नाव त्याचे. वर्षाला जेमतेम पाच-सहा हजार बाटल्या निघतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या किडीने युरोपातील वेलींची मुळे पोखरली. तेव्हा इतरांनी अमेरिकन खुंटावर कलमे केली. (आमच्या भागातले डॉगरिज खुंटही मूळचे अमेरिकेचेच, पण आम्हाला ते लागतात पाण्याच्या ताणासाठी आणि खारवट जमिनीसाठी.) या बागेने मात्र जमिनीत औषध सोडून जुन्या वेली स्वतःच्या मुळांवर जगविल्या. दुसऱ्या महायुद्धात ते औषध मिळेनासे झाले. १९४५ मध्ये जेमतेम सहाशे बाटल्या निघाल्या आणि वेली उपटाव्या लागल्या. १९४६ ते १९५१ या सहा वर्षांत रोमाने-काँती झालीच नाही. त्या सहाशेंपैकी एक बाटली २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५,५८,००० डॉलरांना गेली. त्या वेळच्या दराने चार कोटी रुपयांहून अधिक.

जेथे एवढे वेड तेथे ठक आलाच. रूडी कुर्नियावान हा इंडोनेशियात जन्मलेला तरुण लॉस एंजेलिसच्या श्रीमंत रसिकांत वावरू लागला. रोमाने-काँतीवरील प्रेमामुळे त्याला 'डॉक्टर काँती' म्हणत. जिभेचा तो खरोखर पारखी होता. २००६ मध्ये त्याच्या संग्रहाचे लिलाव कोट्यवधी डॉलरांना झाले. एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात त्याच्याकडील क्लो सँ-दनी या वावराच्या पोंसो घराण्याच्या बाटल्या आल्या. सर्वांत जुनी १९४५ ची. लोराँ पोंसो फ्रान्सहून स्वतः तेथे गेला. कारण त्याच्या घराण्याने त्या वावराची वाइन १९८२ पूर्वी कधी केलीच नव्हती! माल मागे घेतला गेला. २०१२ मध्ये कुर्नियावानला अटक झाली तेव्हा घरात लेबले, बुचे आणि कोणती वाइन कशात मिसळायची याची टिपणे सापडली. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

लक्षात घेण्याजोगे हे, की पोंसोने फसवणूक पकडली ती चवीने नव्हे, सनावळीने. मोठमोठ्या रसिकांनी तो माल आनंदाने पिऊन संपविला होता. बोर्दो येथे वाइनचे शिक्षण घेणाऱ्या चौपन्न विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये तांबडा रंग घालून दिला, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग हा सारा आनंद खोटाच का? वर्गमित्रांशी वाद घालताना मी 'नाही' असे म्हणतो. पेटीवर देवगड लिहिले की आपल्या तोंडाला पाणी सुटते, आणि त्या पेटीत दुसरीकडचा आंबाही निघतो. म्हणून देवगडच्या हापुसाची गोडी काही खोटी ठरत नाही. नाव माहीत असणे हाही चवीचाच एक भाग आहे. फक्त त्या भागाची किंमत किती, हे पिणाऱ्याला सांगता येत नाही आणि विकणारा सांगत नाही.

२०१० मध्ये एका इसमाने बागेच्या मालकांकडे दहा लाख युरोंची खंडणी मागितली. न दिल्यास वेलींना विष घालीन अशी धमकी होती, आणि दोन वेलींना त्याने ते घातलेही होते. पोलिसांनी खोट्या नोटांचा सापळा लावून त्याला पकडले. बागेला आजही बुटकी दगडी भिंत आणि एक दगडी क्रूस, एवढेच. भिंतीवर पाटी आहे: येथे पुष्कळ लोक येतात हे आम्ही समजू शकतो, पण कृपया रस्त्यावरच थांबा, अशा आशयाची. लोक थांबतात, भिंतीवरून वाकून पाहतात. वेलींच्या ओळी शेजारच्या वावरातल्यासारख्याच दिसतात.