खेळ व गोष्ट : शिकविण्याचीं दोन साधनें

खेड्यांतील पुष्कळ शिक्षकांची अशी समजूत असते कीं, गोष्ट ही धडा संपल्यावर द्यावयाची खाऊची पुडी होय, व खेळ म्हणजे अभ्यासाची सुट्टी. आमच्या मतें ही समजूत चुकीची आहे. गोष्ट नीट सांगितली व खेळ नीट खेळविला, तर तोच धडा होतो.

१. गोष्ट. भावनगरचे गिजुभाई बधेका हे पूर्वी वकील होते. १९२० सालीं त्यांनीं तेथें दक्षिणामूर्ति बालमंदिर काढिलें. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकांतील शिक्षक चौथीच्या वर्गावर येतो. पहिल्या दिवशीं तो मुलांकडून शांततेचा खेळ करवूं पाहतो. मुलें त्याची थट्टा करितात व वर्ग विस्कटतो. दुसऱ्या दिवशीं तो गोष्ट आरंभितो, आणि तींच मुलें निमूटपणें ऐकत बसतात. लक्ष हें हुकमानें मिळत नाहीं. तें कुतूहलाच्या मागोमाग येतें. म्हणून गोष्ट पुस्तकांत न पाहतां मुलांकडे पाहून सांगावी, आणि तात्पर्य आपण सांगूं नये. आम्हीं तें पुष्कळ वर्षें सांगितलें. मुलें तात्पर्य घोकीत व गोष्ट विसरत. ‘त्या ठिकाणीं तूं असतास तर काय केलें असतेंस?’ असें विचारून थांबावें.

२. खेळ. एकी-बेकी कोणास ठाऊक नाहीं? मुठींत चिंचोके घेऊन ओळखावयास सांगावें. मूठ उघडल्यावर मुलानें चिंचोक्यांच्या जोड्या लावाव्या. एक उरला तर एकी, न उरला तर बेकी. मग दोन मुलांच्या एकीच्या मुठी एकत्र कराव्या. उरलेल्या दोन चिंचोक्यांची जोडी जमते व बेकी होते! हा नियम मुलानें स्वतःच्या हातांनीं शोधिला म्हणजे तो सहसा विसरत नाहीं.

परंतु एक सावधगिरी पाहिजे. ‘चुकेल तो बाद’ असा खेळ असला कीं, कच्चें मूल पहिल्याच डावांत बाहेर बसतें. ज्यास सरावाची गरज अधिक, त्यासच तो कमी मिळतो. यास्तव कोणास बाद करूं नये. चुकलेल्यास पुन्हां एक डाव द्यावा.

३. शाळेंत न येणारीं मुलें. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डी येथें व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचें काम केलें. वारली मुलें गुरें राखावयास जात, म्हणून त्यांनीं शाळाच कुरणांत नेली; तिचें नांव कुरणशाळा. लहान मुलांसाठीं पाड्यावरील अंगणांत जी भरली, ती अंगणवाडी. खडे, शिंपले, पानें, बिया हेंच तेथील साहित्य. जें मूल शाळेंत येत नाहीं, तें मंद आहे असें आपण चटकन् म्हणतों. पुष्कळदां तें केवळ गुरांमागें गेलेलें असतें. आपण त्याच्याकडे गेलों नाहीं, तर तें निरक्षरच राहील, आणि तो दोष त्याचा नव्हे. पैसा नाहीं, साधनें नाहींत, ही सबब चिंचेच्या झाडाखालीं टिकत नाहीं.

विचारासाठीं प्रश्न
१. आपल्या गांवांतील कोणतीं मुलें शाळेंत येत नाहींत, व तीं त्या वेळीं कोठें असतात?
२. गेल्या आठवड्यांतील कोणता धडा गोष्टीनें अथवा खेळानें शिकवितां आला असता?
३. आपल्या खेळांत सर्वांआधीं बाहेर बसणारें मूल कोणतें?